सुपीरियर सरोवराकाठचं 'गायब' तांबं गायब झालंच नव्हतं

हा दावा तुम्ही कुठल्या ना कुठल्या रूपात पाहिला असेल. थोडक्यात असा: अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मिशिगन राज्यातल्या किविनॉ द्वीपकल्पावर आणि सुपीरियर सरोवरातल्या आईल रॉयल बेटावर हजारो प्राचीन तांब्याच्या खाणी ओसाड पडल्या आहेत. इसवी सनापूर्वी ३००० ते १२०० या काळात कुणीतरी तिथून दीड अब्ज पौंड शुद्ध तांबं काढलं. एवढं तांबं अमेरिकेत कुठेही सापडत नाही. नेमकं त्याच काळात भूमध्य समुद्राकाठी कांस्ययुग भरात होतं आणि तिथं तांबं कुठून येत होतं हे म्हणे कोडं आहे. म्हणजे क्रीट बेटावरचे मिनोअन लोक, किंवा फिनिशियन दर्यावर्दी, अटलांटिक ओलांडून आले, तांबं भरून घेऊन गेले, आणि एके दिवशी हत्यारं जागच्या जागी टाकून नाहीसे झाले. शेवटी नेहमीची फोडणी: अभ्यासकांना हे सगळं ठाऊक आहे, पण ते दडवतात.

ऐकायला झकास आहे. त्यातला काही भाग खराही आहे, म्हणूनच तो पसरतो. तेव्हा खरं काय ते आधी मांडू.

सुपीरियर सरोवराच्या काठचं तांबं जगावेगळं आहे यात शंका नाही. सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी तिथं भूकवचाला भेग पडून लाव्ह्याचे थरावर थर साचले. पुढे त्या थरांतल्या फटींमध्ये आणि बुडबुड्यांच्या पोकळ्यांमध्ये उष्ण पाण्यातून तांबं साचलं, आणि तेही धातूच्याच रूपात. जगातल्या बहुतेक खाणींत तांबं गंधक किंवा ऑक्सिजनशी जखडलेलं असतं. ते भट्टीत गाळून काढावं लागतं. इथं ते खडकातून थेट धातू म्हणून डोकावतं. प्राचीन खड्डे आहेत, हेही खरं. त्यांत आणि आसपास दगडी हातोडे मोठ्या संख्येने सापडतात, हेही खरं. आणि हे काम हजारो वर्षं जुनं आहे, हे तर दाव्यात सांगतात त्यापेक्षाही जास्त खरं आहे. तिथं पुढे येऊच.

आता आकडा. सगळा डोलारा त्या दीड अब्ज पौंडांवर उभा आहे. ते आले कुठून? कुणी तांबं मोजलं का, कुणी खड्ड्यांचं सर्वेक्षण करून उपसलेल्या खडकाचं माप काढलं का? नाही. १९६१ साली रॉय ड्रायर आणि ऑक्टेव्ह ड्यू टेम्पल या दोघांनी मिशिगनच्या प्राचीन खाणकामावरच्या जुन्या नोंदींचं संकलन छापलं, आणि त्यात एक अंदाज मांडला. ड्रायर धातुशास्त्राचे प्राध्यापक होते, पुरातत्त्वज्ञ नव्हते. त्यांचं गणित असं: सरासरी खड्डा २० फूट व्यासाचा आणि ३० फूट खोल धरू. म्हणजे प्रत्येक खड्ड्यातून १,००० ते १,२०० टन खडक निघाला. त्यात ५ टक्के तांबं धरू. म्हणजे एका खड्ड्यामागे सुमारे १ लाख पौंड. असे ५,००० खड्डे धरू. गुणाकार करा, ५० कोटी पौंड झाले. दीड अब्ज ही याच अंदाजाची वरची कड. खालची कड सांगणारा व्हिडिओ क्वचितच भेटतो.

या गणितात 'धरू' किती वेळा आलं पाहा. त्यातलं एकेक 'धरू' सोडवून बघण्यासारखं आहे.

खड्डा ३० फूट खोल हा सरासरी म्हणून धरलेला आकडा आहे. प्रत्यक्षात बहुतेक प्राचीन खणती म्हणजे खडकातल्या तांब्याच्या शिरेच्या कडेने गेलेले उथळ चर आणि बशीसारखे खळगे. खोल खड्डे होते, पण ते अपवाद. नोंदी त्यांच्याच झाल्या, कारण ते नजरेत भरणारे होते. बरं, सरासरी मान्य केली तरी हिशेब लागत नाही: २० फूट व्यासाची, ३० फूट खोल, अगदी सरळसोट विहीर तिथल्या कातळात खणली तर निघणारा खडक ९०० टनही भरत नाही. हाताने खणलेला खड्डा तर तळाकडे निमुळता होतो.

५ टक्के तांबं हाही मनाचा उदारपणा. उद्योगयुगात, सुरुंग आणि वाफेची यंत्रं हाताशी असताना, याच पट्ट्यातल्या बहुतेक खाणींना सबंध खडकामागे एवढं प्रमाण कधी मिळालं नाही. भाग्यवान शिरांमध्ये जास्त मिळायचं, पण सरासरीत भाग्य धरता येत नाही.

आणि ते ५,००० खड्डे! १८४३ नंतर या भागात तांब्यासाठी झुंबड उडाली. नव्याने आलेल्या खाणवाल्यांना लवकरच कळलं की जुना खळगा दिसला की खाली शीर असण्याची शक्यता दांडगी. त्यांनी जुन्या खळग्यांतच खणायला सुरुवात केली, आजूबाजूला चाचणीचे खड्डे पाडले आणि बरेचसे अर्धवट सोडून दिले. त्यात झाडं उन्मळून पडल्यावर होणारे नैसर्गिक खळगे आलेच. म्हणजे आज दिसणारा प्रत्येक खळगा प्राचीन नाही, आणि प्राचीन होता तो बऱ्याचदा नव्याने खणला गेला आहे. मोजणार काय आणि कसं?

या सगळ्याची शहानिशा पुरातत्त्वज्ञ सुझन मार्टिन यांनी १९९० च्या दशकात केली. मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात त्या शिकवत. ड्रायर याच संस्थेतले, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. जी संस्था दडवादडवी करते असं म्हणायचं, तिथूनच हा आकडा निघाला आणि तिथूनच तो खोडला गेला.

आणखी एक ताळा. या सबंध पट्ट्यातून १८४५ ते १९६८ या काळात औद्योगिक खाणींनी सुमारे ११ अब्ज पौंड तांबं काढलं. त्यासाठी हजारो माणसं, रेल्वे, आणि मैल मैल खोल जाणारे उतार लागले. दगडी हातोडे आणि कातळ तापवून तडकवायचा जाळ यांवर काम करणाऱ्यांनी त्याच्या सातव्या हिश्शाइतकं तांबं वरच्या तीस फुटांतून काढलं, असं आपल्याला मान्य करायला सांगितलं जातं.

तरीही वादापुरतं दीड अब्ज मान्य करू आणि ते न्यायचं कसं ते बघू. दीड अब्ज पौंड म्हणजे सुमारे ६ लाख ८० हजार टन. कांस्ययुगातल्या मालवाहू जहाजाचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडालेलं उलुबुरुनचं जहाज, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या अखेरीचं. त्यात सुमारे १० टन तांबं होतं, आणि तो माल त्या काळच्या मानाने राजेशाही समजला जातो. या हिशेबाने ६८,००० खेपा लागतील. सलग १,००० वर्षं हा व्यापार चालला असं धरलं तर वर्षाला ६८. सुपीरियर सरोवर हिवाळ्यात जहाजांना बंद असतं, म्हणजे मोसमात आठवड्याला दोनाहून जास्त जहाजं. एक हजार वर्षं, न चुकता. वाट कुठली, तर सेंट लॉरेन्स नदीचे खळाळ चढून, मग ५० मीटर उंचीच्या नायगारा धबधब्याला वळसा घालून, मग सू सेंट मेरीचा खळाळ पार करून. त्या शेवटच्या ठिकाणी मोठ्या जहाजांना वर जाता यावं म्हणून १८५५ साली कालवा बांधावा लागला. तोवर माल उतरवून बैलगाड्या-घोडागाड्यांनी पलीकडे न्यावा लागे. मिनोअनांनी ते कसं केलं, यावर व्हिडिओत दोन सेकंदांचं ॲनिमेशन असतं.

पण माझ्या मते दाव्याला सर्वांत जड जाणारी गोष्ट जहाजं नाहीत. ती आहे तारखा.

खाणकाम झालं की धूळ उडते, खडक फुटतो, जाळ पेटतो, पावसाने सगळं वाहून शेजारच्या तळ्यात जातं. तळ्याच्या तळाशी गाळ वर्षानुवर्षं थराने साचतो. त्यात शिशासारख्या धातूंचं प्रमाण कुठल्या थरात वाढलं ते मोजता येतं आणि थराचं वय कार्बन-१४ ने काढता येतं. डेव्हिड पॉम्पियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे किविनॉमधल्या तळ्यांत केलं, मग आईल रॉयलवरच्या मॅकार्गो कोव्ह या खाडीत केलं. किविनॉमध्ये प्रदूषणाची खूण दिसते ती आजपासून सुमारे ८,००० ते ५,००० वर्षांपूर्वीची. आईल रॉयलवर ती ६,५०० ते ५,४०० वर्षांपूर्वीची. तांब्याच्या वस्तूंना चिकटून राहिलेल्या लाकडाच्या, दोऱ्याच्या अवशेषांची वयं पुन्हा तपासली तर या परंपरेची सुरुवात ९,००० वर्षांच्याही मागे जाते.

आता मिनोअन. क्रीटवर राजवाडे उभे राहिले ते इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारास, म्हणजे ४,००० वर्षांपेक्षा थोडं अलीकडे. फिनिशियनांची दर्यावर्दी भरभराट तर त्यानंतर कित्येक शतकांनी. सुपीरियरच्या काठी खाणकामाचा पहिला मोठा बहर ओसरला तेव्हा क्रीटमध्ये राजवाडेही नव्हते आणि तांब्याची मोठी मागणीही नव्हती. खरेदीदार दुकानावर पोचायच्या हजार वर्षं आधी दुकान मंदावलेलं होतं. व्हिडिओतली '३००० ते १२००' ही चौकट गाळातल्या पुराव्याशी जुळत नाही. ती जुळते कांस्ययुगाशी, आणि ती तशी जुळावी अशीच तिथं बसवली आहे. दुसऱ्या बाजूने, खाणकाम इसवी सनापूर्वी १२०० साली थांबलंही नाही. कमी प्रमाणात ते पुढे चालूच राहिलं. युरोपीय लोक आले तेव्हाही इथले लोक तांबं वापरत होते.

'युरोपच्या तांब्याचं कोडं' हा मुद्दा लवकर आटपण्यासारखा आहे, कारण कोडं नाहीच. धातूत सूक्ष्म प्रमाणात शिसं असतं, आणि त्याच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं) गुणोत्तर खाणीखाणीगणिक वेगळं असतं. उलुबुरुनच्या जहाजावर ताणलेल्या कातड्याच्या आकाराच्या साडेतीनशेहून अधिक तांब्याच्या लादी होत्या. त्यांचं हे गुणोत्तर सायप्रसच्या खाणींशी जुळतं. त्या लादी कापून पाहिल्या तर आत वायूच्या पोकळ्या आणि मळीचे, म्हणजे धातू गाळताना उरणाऱ्या टाकाऊ भागाचे, कण दिसतात. म्हणजे ते धातुक गाळून काढलेलं तांबं आहे, खडकातून निघालेलं शुद्ध तांबं नव्हे. 'मिनोअन तांबं शुद्ध, मिशिगनचं शुद्ध, म्हणून दोन्ही एकच' हा बादरायण संबंध तिथंच संपतो. सायप्रसवर मळीचे ढिगारे आहेत, सगळे मिळून सुमारे ४० लाख टन. ते एकाच काळातले नाहीत, बरेचसे रोमन काळातले आहेत. पण तांबं कुठे गाळलं जात होतं हे शोधायला अटलांटिक ओलांडायची गरज नाही एवढं त्यावरून कळतं. ऑस्ट्रियातली मिटरबर्ग, वेल्समधली ग्रेट ऑर्म, आयर्लंडमधली रॉस आयलंड, दक्षिण इस्रायलमधली टिमना: कांस्ययुगातल्या खाणींची ही यादी अपुरीच आहे. ग्रेट ऑर्मचे प्राचीन बोगदे उजेडात आले ते १९८७ च्या सुमारास, आणि तिथल्या तांब्याच्या वस्तू फ्रान्सपासून बाल्टिकपर्यंत ओळखता आल्या. त्या खाणीतून निघालेलं तांबं काही शे टनांत मोजलं जातं. तेवढ्याचा माग सापडतो, आणि लाखो टनांचा एकही तुकडा सापडत नाही.

माग या विषयावर अजून थोडं. युरोपातून कोलंबसाच्या आधी कुणी उत्तर अमेरिकेत आलंच नाही असं पुरातत्त्वज्ञ म्हणत नाहीत. नॉर्स लोक, म्हणजे स्कँडिनेव्हियातले दर्यावर्दी, आले होते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये लान्स ओ मेडोज इथं १९६० साली हेल्गे इंगस्टाड यांनी त्यांची वस्ती शोधली आणि पुढे ॲन स्टिना इंगस्टाड यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं. वस्ती छोटी, मुक्काम थोडक्या वर्षांचा. तरी तिथं घरांचे पाये मिळाले, लोखंड गाळल्याच्या खुणा मिळाल्या, होडीचे खिळे, कांस्याची टाचणी, सूत कातायच्या चातीची चकती मिळाली. धातूच्या हत्याराने तोडलेल्या लाकडावरून २०२१ मध्ये वर्षसुद्धा ठरलं: १०२१. मूठभर माणसं थोडी वर्षं राहिली तर इतकं मागे राहतं. मग हजार वर्षं खाणी चालवणाऱ्यांचं एक मातीचं खापर, एक मणी, एक थडगं, एक दिवा तरी सुपीरियरच्या काठी मिळायला नको? मिनोअन लोकांच्या भांड्यांचे तुकडे भूमध्य समुद्राकाठी ठिकठिकाणी मिळतात. इथं शून्य.

शून्य म्हटल्यावर 'मिशिगनच्या पाट्यां'चा विषय निघतोच. १८९० पासून पुढे मिशिगनमध्ये दगडी पाटीच्या, मातीच्या आणि तांब्याच्या कोरीव वस्तू 'सापडू' लागल्या. त्यांवर कुठल्याशा प्राचीन लिप्यांची खिचडी होती. जेम्स स्कॉटफर्ड हा गृहस्थ हजर असला की त्या हमखास सापडत. तज्ज्ञांनी त्या लगेचच बनावट ठरवल्या. स्कॉटफर्डच्या सावत्र मुलीनेही त्याला त्या बनवताना पाहिल्याचं लिहून दिलं. पुढे केलेल्या तपासणीत तांबं कारखान्यात गाळलेलं निघालं. सुपीरियरचं शुद्ध तांबं शेजारी असताना प्राचीन लोकांनी कारखान्यातलं का वापरावं, हा प्रश्न त्या पाट्यांना आजही पुरावा म्हणून दाखवणाऱ्यांना विचारून पाहा.

आता मूळ प्रश्न. तांबं गेलं कुठे?

कुठेच गेलं नाही. ते वस्तूंमध्ये आहे. भाल्याची पाती, सुऱ्या, टोचे, गळ, वाकस, मणी, कडी. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि आसपासच्या प्रदेशात या वस्तू इतक्या सापडल्या की अभ्यासकांनी त्या परंपरेला नाव देऊन स्वतंत्र विषय केला. विस्कॉन्सिनमध्ये एकोणिसाव्या शतकात नवीन जमीन नांगराखाली आली तेव्हा शेतकऱ्यांच्या फाळाला तांब्याची पाती लागायची. ती संग्राहकांनी विकत घेतली. पुढे संग्रहालयांत गेली. ऑकोंटो इथली प्राचीन दफनभूमी १९५२ साली एका तेरा वर्षांच्या मुलाला सापडली, आणि त्यात माणसांबरोबर पुरलेल्या तांब्याच्या वस्तू होत्या. त्यानंतरच्या काळात, सुमारे २,००० वर्षांपूर्वी, ओहायोतल्या होपवेल परंपरेच्या मातीच्या टेकड्यांमध्ये तांब्याची कर्णभूषणं, छातीवरच्या पट्ट्या आणि सुमारे १७ किलोची एक अवजड कुऱ्हाडसुद्धा मिळाली. ते सगळं तांबं सुपीरियरचं नाही; काही दक्षिणेकडच्या ॲपलेशियन डोंगरांतलंही आहे. पण खंडभर हिंडणारं तांबं होतं, आणि ते हिंडवणारे इथलेच होते.

शिवाय सगळं तांबं खाणीतून आलं असंही नाही. हिमयुगात बर्फाच्या थरांनी या शिरा खरवडल्या आणि तांब्याचे गोळे दक्षिणेला शेकडो मैल पसरवले. हे 'वाहून आलेलं' तांबं विस्कॉन्सिन, इलिनॉय, आयोवापर्यंत शेतांत आणि नदीपात्रांत मिळतं. नदीकाठी सापडलेला गोळा उचलायचा, तापवायचा, ठोकायचा, पुन्हा ताव द्यायचा, पुन्हा ठोकायचं. खाण लागत नाही, भट्टी लागत नाही. म्हणजे 'इतके खड्डे, तर इतकं तांबं' हे समीकरण दोन्ही टोकांनी सुटं आहे: खड्डे जास्त मोजले, आणि वस्तूंचं तांबं सगळं खड्ड्यांतलं मानलं.

मोठ्या तुकड्यांची गोष्ट तर याहून बोलकी आहे, आणि तीच व्हिडिओवाले उलटी सांगतात. १८४८ साली ऑन्टनॉगनजवळ सॅम्युएल नॅप या खाणवाल्याला एका जुन्या चरात, कुजलेल्या पाल्याच्या आणि मातीच्या थराखाली, तांब्याचा एक गोळा मिळाला. दहा फूट लांब, तीन फूट रुंद, जवळजवळ दोन फूट जाड, वजन सहा टनांच्या वर. तो ओकच्या ओंडक्यांच्या चौकटीवर काही फूट उचलून ठेवलेला होता. चराच्या कडेला टाकलेल्या मातीवर वाढलेल्या हेमलॉकच्या झाडात ३९५ वर्तुळं मोजली गेली. व्हिडिओत हे दाखवतात आणि म्हणतात: बघा, केवढं तंत्रज्ञान!

पण त्या गोळ्याकडे नीट बघा. त्याच्यावरचं प्रत्येक टोक, प्रत्येक उंचवटा ठोकून काढलेला होता. पृष्ठभाग गुळगुळीत झाला होता. म्हणजे हाताला लागेल तेवढं तांबं त्यांनी काढून घेतलं आणि उरलेला गोळा सोडून दिला, कारण तो कापता येत नव्हता. तांबं दगडासारखं फुटत नाही, वाकतं. सहा टनांचा अख्खा गोळा दगडी हातोडा घेतलेल्या माणसाला निरुपयोगी. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत हीच अडचण होती. नॅपला गोळा मिळाला त्याच जागच्या 'मिनेसोटा' नावाच्या खाणीत १८५७ साली ४०० टनांहून मोठा गोळा लागला, तेव्हा पोलादी छिन्न्या घेऊन त्याचे तुकडे करायला वर्षाहून जास्त लागलं. तांबं न्यायलाच परदेशातून कुणी आलं असतं, तर सहा टन शुद्ध धातू वर उचलून ठेवून तो घरी न नेता कुणी गेलं असतं का? आणि हेमलॉकच्या वर्तुळांवरून कळतं ते एवढंच की खड्डा साधारण १४५० च्या आधीचा. ३,००० वर्षं त्यातून निघत नाहीत.

'इथल्या आदिवासींना तांब्याबद्दल काही माहीतच नव्हतं' हे वाक्यही फिरतं. सॅम्युअल शाम्प्लँ या फ्रेंच दर्यावर्द्याला १६१० साली एका अल्गोंक्विन प्रमुखाने फूटभर लांबीचा शुद्ध तांब्याचा तुकडा दिला आणि मोठ्या सरोवराजवळ असं पुष्कळ असल्याचं सांगितलं. क्लोद अलुए हा जेसुइट धर्मोपदेशक १६६० च्या दशकात सुपीरियरवर पोचला तेव्हा त्याला घराघरांत तांब्याचे गोळे देवासारखे जपलेले दिसले. ऑन्टनॉगन नदीकाठचा सुमारे १,७०० किलोचा प्रसिद्ध गोळा ओजिब्वे लोकांना पवित्र होता. १७६६ साली अलेक्झांडर हेन्री या व्यापाऱ्याने त्यातून कुऱ्हाडीने तुकडा काढला, आणि १८४३ साली तो गोळाच उचलून वॉशिंग्टनला नेण्यात आला. ज्यांच्याकडून माहिती मिळाली, ज्यांचा गोळा नेला, त्यांनाच काही ठाऊक नव्हतं म्हणायचं.

हे म्हणणं आलं कधी, तेही बघण्यासारखं आहे. भूवैज्ञानिक डग्लस हाउटन यांचा तांब्याबद्दलचा अहवाल १८४१ चा. ओजिब्वेंनी हा प्रदेश सोडून देण्याचा ला पॉइंटचा करार १८४२ चा. लगेच १८४३ पासून झुंबड. चार्ल्स व्हिटल्सी यांचा प्राचीन खाणींवरचा अहवाल १८६३ चा; हे काम सध्याच्या आदिवासींच्या पूर्वजांचं नसावं, कुठल्यातरी वेगळ्या लोकांचं असावं, असा त्यांचा कल. ओहायोतल्या टेकड्यांबद्दलही तेव्हा हेच बोललं जाई, आणि १८९४ साली सायरस थॉमस यांनी पुराव्यांनिशी ती समजूत मोडीत काढली. जमीन नुकतीच हातात घेतलेल्यांना 'इथं आधी दुसरेच कुणी थोर लोक होते' ही कल्पना सोयीची वाटली, यात आश्चर्य नाही. मिनोअन हे त्या जुन्या कल्पनेचं नवं नाव. आपल्याकडेही कैलास लेणं 'माणसाच्या हातचं नव्हेच' म्हणणारे व्हिडिओ फिरतात, त्यामुळे ही सवय ओळखायला आपल्याला जड जाऊ नये.

उरला तो 'हत्यारं टाकून नाहीसे झाले' हा मुद्दा. दगडी हातोडे म्हणजे सरोवराच्या काठावरचे गोल गोटे. काहींना मूठ बांधायला खाच पाडलेली, बरेचसे तसेच. फुटला की टाकायचा, खाली काठावरून दुसरा आणायचा. पुढच्या उन्हाळ्यात परत यायचंच आहे, तर पाच-दहा किलोचे गोटे होडीत घालून कोण नेईल? आईल रॉयलवर हिवाळा काढायला कुणी थांबत नसे. काम मोसमी होतं.

आणि मोठा बहर ओसरला तो का, यावर नुसते तर्क नाहीत, प्रयोगही झाले आहेत. मिशेल बेबर या पुरातत्त्वज्ञांनी तांब्याची पाती, सुऱ्या आणि टोचे हुबेहूब बनवून दगडी-हाडी हत्यारांशी त्यांची तुलना केली. भाल्याच्या पात्यात आणि सुरीत तांबं दगडाहून सरस ठरलं नाही. टोच्यात मात्र ठरलं. उत्खननातही तेच दिसतं: मोठी पाती आणि सुऱ्या काळाच्या ओघात मागे पडतात, टोचे टिकून राहतात, आणि तांबं हळूहळू दागिन्यांकडे आणि मानाच्या वस्तूंकडे वळतं. जास्त मेहनतीने मिळणारी वस्तू जास्त चांगलं काम करत नसेल तर लोक ती करणं कमी करतात. त्यासाठी कुणाला नाहीसं व्हावं लागत नाही.

टाकलेल्या हत्यारांवरून मालक गायब झाल्याचं ठरवायचं असेल, तर त्याच मॅकार्गो कोव्हला १८७० च्या दशकात मिनॉन्ग कंपनीने प्राचीन खळग्यांच्या जागी खाण काढली, दहा-बारा वर्षांत परवडेना म्हणून काम बंद केलं आणि बरंच सामान तिथंच सोडलं. रूळ आणि खनिजाच्या गाड्यांचे अवशेष अजून झाडीत पडून आहेत. त्या कामगारांना मिनोअन जहाजांनी नेलं असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही.